दुनाली, रायफल की रिव्हॉल्व्हर? एका माजी बाबूचं मत

पोस्ट लांब आहे, आधीच सांगून ठेवतो.

विषय बंदुकीचा आहे म्हणून नाक मुरडू नका. ग्वाल्हेर, इंदूर, देवास, धार, बडोदा, बेळगाव, कुठलंही घ्या, आपल्या जुन्या घरांतून खंडेनवमीला पाटावर तलवारीशेजारी एखादी बंदूक असायचीच. फुलं वाहायची, हळद-कुंकू लावायचं, आणि परत गवसणीत घालून कपाटात. आता ज्या पिढीच्या नावावर ते लायसन्स होतं ती पिढी एकेक करून चालली आहे आणि घरोघरी तोच प्रश्न उभा राहतो: हिचं करायचं काय? गेल्या काही वर्षांत त्यात एक नवं वाक्य ऐकू येऊ लागलंय. "काका, आत्ता काढू नका, ही पुढे कलेक्टेबल होणार. लाखांत जाईल."

हे वाक्य मी परवा आमच्याच घरात ऐकलं, म्हणून लिहायला बसलो. माझं मत सरळ आहे. आपल्या देशात आज विकत घेतलेली बंदूक ही गुंतवणूक नाही. तसं समजणारी मुलं अमेरिकेचे भाव बघून लष्करच्या सराफ्यात हिशेब करतायत.

हे बोलायचा मला थोडाफार अधिकार आहे. नोकरीतली बारा वर्षं मी कलेक्टर कचेरीच्या शस्त्र-शाखेत काढली. आमच्या चंबळच्या भागात ती शाखा म्हणजे देवळासारखी, गर्दी कधी हटत नाही. लायसन्स हवं तर आधी दहा झाडं लावा, असा हुकूम ग्वाल्हेरात निघाला होता. शेजारच्या शिवपुरीत तर २००८ साली नसबंदी करून घेणाऱ्याचा अर्ज लवकर पुढे सरकवायची योजना निघाली होती. बाहेरचे लोक हसतात. आम्ही फायली बांधत होतो.

तर आमचं प्रकरण असं. थोरले बंधू मागच्या वर्षी गेले. त्यांच्या लायसन्सवर दोन हत्यारं. एक आजोबांची १२ बोरची विलायती दुनाली, बर्मिंगहॅमची, नळीवर कलकत्त्याच्या दुकानाचं नाव. दुसरी ३१५ बोरची रायफल, सरकारी कारखान्याची, बंधूंनी स्वतः घेतलेली. पुतण्याचं स्वतःचं लायसन्स आहे आणि त्यावर ३२ बोरची 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर. झाली तीन. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच, वारसाहक्कानं आली तरी दोनच. मूळ मसुद्यात तर एकच ठेवायची होती, ओरड झाली म्हणून दोन झाल्या. त्याआधी तीन चालायच्या. म्हणजे एक जाणार हे नक्की.

पुतण्या म्हणतो दुनाली काढू. दुकानदारानं तिची जी किंमत सांगितली तेवढ्यात एक बऱ्यापैकी सायकल येते. रायफलला लग्नसराईत मान आहे. आणि रिव्हॉल्व्हर? "काका, ती तर ठेवायचीच. डब्यासकट आहे. वीस-पंचवीस वर्षांनी बघा." मग मोबाइल काढून त्यानं मला अमेरिकेतल्या लिलावांचे आकडे दाखवले आणि प्रत्येक आकड्याला डॉलरच्या भावानं गुणून दाखवलं.

आकडे खोटे नव्हते. पण त्या आकड्यांमागची गोष्ट त्यानं वाचली नव्हती, ती मी त्याला सांगितली. तुम्हालाही सांगतो, कारण तुमच्या घरातही एखादा असा मोबाइल निघणार आहे.

अमेरिकेत विंचेस्टर नावाची कंपनी. तिची ९४ मॉडेलची रायफल म्हणजे तिकडच्या सिनेमातल्या घोडेस्वाराच्या हातातली. १९६४ साली दोन गोष्टी घडल्या. खर्च वाचवण्यासाठी कंपनीनं बनवण्याची पद्धत बदलली. पूर्वी जे भाग घडवून-तासून व्हायचे ते स्वस्तात होऊ लागले. आणि त्याच सुमारास तिनं खास 'स्मृती' आवृत्त्या काढायला सुरुवात केली. अमुक राज्याची जयंती, कॅनडाची शताब्दी, बफेलो बिल. सोनेरी पट्ट्या, पदकं, छान खोकं. लोकांनी भराभर घेतल्या, न उडवता खोक्यात ठेवल्या, की मुलांच्या शिक्षणाला उपयोगी पडतील. एकट्या बफेलो बिलच्या लाखाहून जास्त निघाल्या. आज स्थिती काय? त्या स्मृती आवृत्त्या साठ वर्षांनंतरही रडत-रखडत विकल्या जातात. आणि १९६४ पूर्वीच्या साध्या रायफली, ज्या शेतकऱ्यांनी पावसात वापरल्या, ज्यांच्या दस्त्यावर ओरखडे होते, त्यांतली जी चांगल्या स्थितीत उरली तिच्यासाठी लोक भांडतात. 'चौसष्टपूर्व' हा तिकडे दर्जाचा शब्दच होऊन बसलाय.

कारण साधं आहे. जी वस्तू ठेवण्यासाठीच बनवली ती सगळ्यांनीच ठेवली, म्हणून ती कधी दुर्मिळ झालीच नाही. वापरण्यासाठी बनवली ती वापरून संपली. आपल्याकडे स्मारक नाण्यांचे सेट ज्यांनी पोस्टानं मागवून ठेवलेत त्यांना हे वेगळं समजावायची गरज नाही.

दुसरं उदाहरण तर आपल्या घरातल्या नावाचं. सिंगर! हो, तीच आईच्या पायाखालची शिलाई मशीन. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर अमेरिकन सरकारनं सिंगर कंपनीकडून ४५ बोरची फौजी पिस्तुलं बनवून बघितली. फक्त ५००. मग सरकारनं ठरवलं की या लोकांचं कसब याहून बारीक कामाला लावू, आणि ऑर्डर पुढे वाढली नाही. ती ५०० पिस्तुलं फौजेत वापरात गेली, कित्येक हरवली. तशाच आकाराची पिस्तुलं दुसऱ्या कंपन्यांनी लाखांनी काढली, पण सिंगरचं नाव असलेलं चांगलं पिस्तूल आज लाख डॉलरच्या वर जातं. कुणीही ते 'कलेक्टेबल' म्हणून बनवलं नव्हतं. घेणाऱ्या सैनिकाला वाटलंही नसेल.

कोल्ट कंपनीची पायथन ही रिव्हॉल्व्हर १९५५ ची. महागडी, हातानं घासून-जुळवून केलेली, निळा रंग असा की आरशासारखा. कंपनीनं २००५ मध्ये बंद केली. मग २०१० मध्ये झोंबींची एक मालिका आली, तिच्यातल्या नायकाच्या हातात हीच, आणि भाव भडकले. ज्यांनी भडकलेल्या भावात घेतल्या त्यांना २०२० मध्ये कंपनीनं झटका दिला, तीच पायथन नव्यानं बनवायला सुरुवात केली. जुनीचा मान गेला नाही, पण 'आता कधीच मिळणार नाही' ही हवा गेली. कारखाना जिवंत असेल तर कुठलीही वस्तू कायमची बंद झाली असं समजू नये, हे माझं पक्कं मत आहे.

याच्या उलट बाजूला ग्लॉक. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या फौजेनं घेतलेलं, प्लास्टिकच्या सांगाड्याचं पिस्तूल. उत्तम हत्यार, जगभरच्या पोलिसांकडे. आणि म्हणूनच संग्राहकाच्या कामाचं नाही; अगदी पहिल्या काळातलं, मूळ डब्यासकट असेल तर थोडाफार विचार. चांगली वस्तू आणि दुर्मिळ वस्तू यांत फरक आहे. मारुती ८०० उत्तम गाडी होती, पण दारात उभी आहे म्हणून कुणी श्रीमंत झालं नाही.

आणि स्थिती. तिकडचा संग्राहक पहिला प्रश्न विचारतो तो मूळ रंग किती टक्के शिल्लक आहे हा. जर्मन लुगर पिस्तुलाच्या बारीकसारीक भागांवरसुद्धा नंबराचे शेवटचे आकडे ठोकलेले असतात. एक भाग बदललेला निघाला की किंमत खाली. आपल्याकडे काय करतात? दर दोन-चार वर्षांनी मिस्त्रीकडे नेऊन नवं काळं पॉलिश, कुणी निकल चढवतो, कुणी दस्त्यावर वॉर्निश, कुणी सोनाराकडून नाव कोरून घेतो. हौसेला मोल नाही म्हणतात ते खरंच, मोल उरतच नाही. निवडणूक लागली की हत्यार ठाण्यात जमा. तिथून महिन्या-दोन महिन्यांनी जी परत येते तिच्या नळीत बोट घालून बघा. आमच्या भागात इतक्या निवडणुका होतात की बंदुकीचं अर्धं आयुष्य मालखान्यात जातं.

आता म्हणाल, पण ग्वाल्हेरात जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरला लाखांचे भाव आहेतच की! आहेत. मीच कागद बघितलेत. पण ते संग्राहकाचे भाव नाहीत, कायद्याचे भाव आहेत. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला परदेशी हत्यार आयात करता येत नाही. जे होतं तेच फिरतंय. त्यात ३८ बोर, ९ एमएम वगैरे फौजी बोर जनतेला बंद, म्हणून ३२ बोरच्या जुन्या वेब्लीला, कोल्टला, स्मिथ अँड वेसनला भाव चढला. तिकडे इंग्लंड-अमेरिकेत तसल्या बऱ्याचशा रिव्हॉल्व्हरांना कुणी विचारत नाही. अमेरिकेतही हाच खेळ मशीनगनचा झाला. मे १९८६ मध्ये नव्या मशीनगनची नागरिकांसाठीची नोंदणी बंद झाली आणि आधी नोंदलेल्या जेवढ्या होत्या त्यांचे भाव आभाळाला गेले. वस्तू तीच. दार बंद झालं एवढंच.

पण जो भाव सरकारच्या एका कलमानं वर जातो तो दुसऱ्या कलमानं खाली येऊ शकतो. २०२० च्या सुमारास ती वेब्ली अँड स्कॉट कंपनी स्वतःच उत्तर प्रदेशात हरदोईकडे येऊन ३२ बोरची रिव्हॉल्व्हर बनवू लागली. ज्यांनी 'विलायती नाव' म्हणून अवाच्या सवा पैसे मोजले होते त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले असतील.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी त्या मोबाइलवर कुणी सांगत नाही. संग्राहक म्हणजे काय? जो जमवतो तो. तिकडे एकेका माणसाच्या तळघरात शंभर-शंभर हत्यारं असतात. तो एका मॉडेलच्या पाच आवृत्त्या घेईल, शिक्का वेगळा आहे म्हणून सहावी घेईल. त्याच्यामुळे भाव चढतो. आपल्याकडे कायद्यानं दोन. ज्याला दोनच ठेवता येतात तो संग्रह कसला करणार? एक रक्षणाला, एक वाडवडिलांची, संपलं. नेमबाज खेळाडूंना जास्त सवलत आहे, पण त्यांना आपली म्हातारी दुनाली नको असते. बाहेर पाठवायची म्हणाल, तर वस्तू शंभर वर्षांपुढची असली की १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येतो. थोडक्यात, विकणारे पुष्कळ आणि घेणारा लायसन्सवाला, तोही हात बांधलेला. बाजारच नाही तिथे 'पुढची किंमत' कुठून येणार?

आता पुतण्याची निर्भीक. तिच्या बाजूनं जे बोलता येतं ते मी प्रामाणिकपणे बोलतो. २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या सरकारी कारखान्यानं काढली, दिल्लीच्या त्या भयंकर प्रकारानंतर, स्त्रियांसाठी म्हणून. टायटॅनियमच्या मिश्रधातूची, अर्धा किलो वजन, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास, आणि दागिन्याच्या पेटीसारखा गडद मरून डबा. शिवाय २०२१ च्या ऑक्टोबरात ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डच मोडून त्याच्या सात कंपन्या केल्या, म्हणजे जुन्या व्यवस्थेचा काळ संपला. पुढेमागे भारतीय कारखान्यांच्या हत्यारांचा कुणी अभ्यासक निघाला, तर २०२१ आधीचा नग, मूळ डबा, मूळ बिल, न घासलेला, याला तो किंमत देईल. मी नाही म्हणत नाही.

पण विरुद्ध बाजू जड आहे. सरकारी कारखाना मनात आणेल तेव्हा तशीच आणखी काढू शकतो. आत तेच ३२ बोरचं जुनं यंत्र. आणि डबा सगळ्यांनीच जपलाय, विंचेस्टरच्या स्मृती आवृत्तीसारखा. माझ्या ओळखीत ज्यांनी ज्यांनी निर्भीक घेतली ते सगळे मिशीवाले पुरुष, हे जाता जाता. आणखी एक मनातलं सांगतो. एका मुलीवर झालेल्या अत्याचारातून जन्मलेलं नाव आहे ते. पन्नास वर्षांनी एखादा माणूस ती वस्तू कौतुकानं काचेच्या कपाटात मांडील का, की संग्रहालयातच ती शोभेल? मला दुसरं जास्त पटतं.

तरी मी पुतण्याला रिव्हॉल्व्हर काढ म्हटलेलं नाही. त्याचा धंदा रोकडीचा, रात्री उशिरा घरी येणं होतं. त्याला गरज वाटते तर ती वापरायची वस्तू म्हणून ठेवावी. फक्त तिला फिक्स्ड डिपॉझिट म्हणू नये.

काढायची ती रायफल. तिला आज गिऱ्हाईक आहे, भाव आहे, कारण ती कामाची आहे. पण सरकारी कारखान्यांनी ३१५ च्या रायफली इतक्या काढल्यात की एक गेली तर दुसरी उद्या मिळेल. मुळात हा बोर चालला तोच फौजेचा ३०३ जनतेला मिळत नव्हता म्हणून. लग्नात खांद्याला लावून मिरवायची म्हणाल, तर आता त्याच २०१९ च्या कायद्यात हर्ष-फायरला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे. वरातीत रायफल नेणाऱ्यापेक्षा बँडवाला जास्त उपयोगी.

आणि दुनाली? खोटं कशाला सांगू. ती काही लंडनच्या पर्डी किंवा हॉलंड अँड हॉलंडची नाही, राजेरजवाड्यांनी मागवलेल्या जोडीतली नाही. बर्मिंगहॅमची साधी, व्यापारी दर्जाची बंदूक. बंधूंनी एकदा तिला काळं करून घेतलंय, म्हणजे मूळ रंग गेला. रुपयांत तिची किंमत दुकानदार म्हणाला तेवढीच, फार तर दोन सायकली.

पण तिच्यासोबत काय काय आहे ते बघा. कलकत्त्याच्या दुकानाचं बिल आहे. आजोबांचं रियासतीतलं परवानापत्र आहे, मोडीत सही असलेलं. काडतुसांच्या हिशेबाची वही आहे. १९७२ साली वन्यजीव कायदा आला आणि शिकार संपली, त्यानंतर त्या वहीत एकही नोंद नाही. म्हणजे शिकारीच्या त्या अख्ख्या काळाला शेवटची ओळ कुठे पडली ते आमच्या घरात कागदावर दिसतं. संग्राहक लोक ज्याला सर्वांत जास्त मोजतात ती हीच गोष्ट, वस्तू कुणाची आणि कशावरून. २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून सुमारे ४७ लाखांना सोडवून आणली. पातं युरोपातलं! तसली फिरंगी पाती ढिगानं आली होती आपल्याकडे. पण यावर देवनागरीत नाव कोरलेलं आहे, म्हणून ती ती आहे. आमच्या आजोबांना कुणी रघूजी म्हणणार नाही, पण आमच्या घरात ते एकच आहेत.

ज्यांच्या घरी असा प्रश्न येऊ घातलाय त्यांना माजी बाबू म्हणून दोन गोष्टी सांगतो. वडीलधारे हयात असतानाच हालचाल करा. वयाची सत्तर वर्षं झाली किंवा हत्यार पंचवीस वर्षं जवळ असलं, तर ते जिवंतपणीच वारसाच्या नावे करता येतं, मरणाची वाट बघावी लागत नाही. आणि बंदुकीपेक्षा कागद जपा. नंबर, बिल, जुनं लायसन्स, शिकारीचे फोटो, सगळं एका पाकिटात. जुनी दुनाली उडवून मात्र बघू नका, तिचे चेंबर कधीकधी आजच्या काडतुसापेक्षा आखूड असतात आणि काही नळ्या तर काळ्या बारूदच्या जमान्यातल्या असतात.

हे सगळं ऐकून पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही भावनेत बोलताय." मी म्हटलं, "मी भावाचंच बोलतोय रे. तू डॉलरचा भाव सांगितलास, मी ग्वाल्हेरचा सांगितला." वहिनी मध्ये पडल्या. त्यांचं म्हणणं तिन्ही जाऊ देत, घरात नातवंडं फिरतात. तेही चूक नाही. पण इतर वारसांच्या ना-हरकतीवर त्यांची सही लागते, आणि दुनाली ज्या अर्जात राहणार असेल त्याच अर्जावर सही करीन, असं त्यांनी नंतर हळूच मला सांगितलं.

अर्ज या महिन्यात जायचाय. रायफलसाठी मुरैन्याचे एक गृहस्थ येऊन बघून गेले, कागद त्यांचे पूर्ण आहेत, भावात चार हजारांवर अडलंय. पुतण्या अजून 'विचार करतो'वरच आहे.